शाळा किती किलोमीटरवर?

मॅपवर आमच्या गावापासून मूल अकरा किलोमीटर दिसतं. मी पुण्यात डिलिव्हरीच्या एका ॲपवर काम करतो. दोन ठिकाणांमधलं अंतर काढणं हा माझा रोजचा उद्योग. पण आमच्या घरात शाळेचं अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगितलंच नाही.

आजोबा म्हणायचे, "पावसाळ्यात शाळा नाही रे बाबू, नाला भेटायचा." पूल नव्हता. म्हणून सातवीनंतर ते मूलला खोली करून राहिले, आठवड्याचे तांदूळ घरून न्यायचे. मूललाच का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदिया-नागभीडकडून चांद्यापर्यंत, म्हणजे आजच्या चंद्रपूरपर्यंत, अडीच फुटी रुळांची लाइन टाकली. ती मूलवरून गेली. गाडी थांबायची तिथे बाजार वाढला, आणि आमच्या भागातली पोरं शिकायला तिथेच जाऊ लागली.

आईच्या वेळी नाल्यावर पूल झाला, एसटी आली. शाळा सुटायची घंटेने, पण मुली सुटायच्या एसटीच्या वेळेने; शेवटचा तास कायम अर्धाच. बस नाही आली, तर परत येताना जंगलाची वाट. नववीत आईची शाळा सुटली. ती नापास झाली नव्हती.

वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीत, रस्ताच नव्हता तिथे वेगळं उत्तर निघालं: मूल शाळेतच राहील. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाची निवासी शाळा १९७६ची. पुढे पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिथे रोज ये-जा करणार कशी? पण आश्रमशाळेची किंमतही असते. सहा वर्षांचं लेकरू आईपासून आणि घरच्या माडियापासून लांब जातं.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर नियमात अंतर आलं: पाचवीपर्यंत एक किलोमीटर, आठवीपर्यंत तीन. मानव विकासच्या निळ्या बसने माझी चुलतबहीण बारावी झाली. घरातली पहिली मुलगी.

मग २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचे प्रस्ताव मागवले गेले. मोठी शाळा, जास्त शिक्षक, न्यायला गाडी. कागदावर पटतं. आमच्या गावच्या शाळेत चौदा मुलं आहेत.

माझं ॲप रस्ता काढताना ट्रॅफिक बघतं. नाला, वाघ, न आलेली बस त्याला कळत नाही. शाळा हलवायची तर आधी ती गाडी भर पावसाळ्यात, जुलैमध्ये, महिनाभर चालवून दाखवा. मग अंतर मोजू.