स्तनाचा कॅन्सर : बारामती-इंदापूरहून उपचाराला कुठे जायचं, किती फेऱ्या पडतात?

बारामती : स्तनात गाठ निघाली, डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला, की घरात पहिला प्रश्न निघतो पैशाचा. अंतराचा प्रश्न मात्र उपचार सुरू झाल्यावरच कळतो. हा आजार एका ऑपरेशनने मिटत नाही. महिनोन् महिने ये-जा करावी लागते आणि बऱ्याच बायकांचा उपचार याच ये-जा करण्यात अर्धवट सुटतो.

फेऱ्यांचा हिशोब

सुरुवातीला मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, मग सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी. त्यानंतर ऑपरेशन. केमोथेरपी बहुतेक वेळा दर तीन आठवड्यांनी, चार ते आठ वेळा, आणि दर वेळी आधी रक्ततपासणी. काहींना आधी केमो देऊन गाठ लहान करतात आणि मग ऑपरेशन करतात. तपासणीत 'हर-टू' पॉझिटिव्ह आलं तर वेगळं इंजेक्शन साधारण वर्षभर चालतं.

सगळ्यात अवघड काम रेडिएशनचं. मशीनखाली काही मिनिटंच झोपायचं असतं, पण सोमवार ते शुक्रवार रोज जावं लागतं, साधारण तीन आठवडे, काहींना पाच. बारामती ते पुणे सुमारे 100 किलोमीटर. रोज जाऊन-येऊन 200, पंधरा दिवसांचे 3,000 किलोमीटर. इंदापूरहून हाच आकडा 4,000 च्या पुढे जातो. केमोने गळून गेलेल्या बाईला हे रोज झेपणारं नाही. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच.

स्तन वाचवून फक्त गाठ काढली तर नंतर रेडिएशन बहुधा घ्यावंच लागतं. म्हणून लांबच्या गावातल्या बायका 'सगळंच काढून टाका' म्हणतात. पण गाठ मोठी असेल किंवा काखेत पसरलेली असेल तर पूर्ण स्तन काढूनही रेडिएशन लागू शकतं. ऑपरेशन ठरवतानाच डॉक्टरांना हे विचारून घ्यावं आणि आपण किती लांबून येतो हेही सांगावं.

जिल्हा एक, रस्ता वेगळा

पुणे जिल्ह्याचं जिल्हा रुग्णालय औंधला आहे. इंदापूरच्या माणसाने तिथे जायचं म्हणजे सगळं पुणे शहर ओलांडून पलीकडे जायचं. ससून पुणे स्टेशनजवळ असल्याने रेल्वेने येणाऱ्याला तेवढं सोपं. इंदापूरहून पुणे 135 ते 140 किलोमीटर, तर सोलापूर साधारण 110. म्हणजे कागदावर पुणे आपलं, पण जवळ सोलापूर.

त्याहून जवळ बार्शी. टेंभुर्णी, कुर्डुवाडी मार्गे गेलं की तिथे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. ग्रामीण भागासाठी उभं राहिलेलं हे ट्रस्टचं रुग्णालय. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या मदतीने 1987 मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कॅन्सरच्या रुग्णांची नोंद इथूनच सुरू झाली. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली नोंदणी. शहरासारखे रुग्ण तिथे आपणहून येत नव्हते, म्हणून कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांना भेटले, तेव्हा नोंद पूर्ण झाली.

इंदापूरच्या पूर्व भागातल्या गावांनी पुण्याची फाईल काढण्याआधी बार्शी आणि सोलापूरची चौकशी जरूर करावी. बारामतीकरांना पुणेच सोयीचं.

गावात काय होऊ शकतं?

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरील महिलांची स्तन, गर्भाशयमुख आणि तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी करायची असते. आशाताई घरी फॉर्म भरायला येते तो याचसाठी. हाताने तपासणी म्हणून कोणी हलक्यात घेऊ नये. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख महिलांवर अभ्यास केला. प्रशिक्षित महिला कर्मचाऱ्यांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. 2021 मध्ये निष्कर्ष आले : तपासणी झालेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आतल्या महिलांमध्ये मात्र मृत्यूंत तसा फरक दिसला नाही.

न दुखणारी गाठ, स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं, काखेत गाठ, यातलं काही दिसलं तर ऊसतोडीचा हंगाम संपायची वाट पाहू नये. दुखत नाही म्हणून काही नाही, असं इथे चालत नाही. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही भीतीही खोटी. उलट बायोप्सी न करता गाठ कापून टाकली तर पुढचं ऑपरेशन अवघड होतं.

पैसा आणि प्रवास

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही. पण योजनेतलं प्रत्येक रुग्णालय प्रत्येक उपचाराला नसतं. ऑपरेशन एका ठिकाणी योजनेत होतं आणि रेडिएशनला दुसरीकडे जावं लागतं. म्हणून निघण्याआधी 155388 वर फोन करून 'केमो आणि रेडिएशन दोन्ही योजनेत आहेत का' असं नेमकं विचारावं. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवावं.

एसटीत महिलांना निम्मं भाडं आहेच. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपरचं भाडं माफ आणि सोबत्याला 75 टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून रेल्वेचा ठरलेला फॉर्म भरून घ्यावा लागतो. बारामती आणि भिगवण या दोन्ही स्टेशनांच्या लोकांना हे उपयोगी आहे. मुंबईला टाटामध्ये जाणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा जुनी आहे. तिथे जागा मिळते का ते आधी विचारून निघावं.

बारामतीत पुढे काय?

बारामतीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2019 मध्ये सुरू झालं. आता ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने आहे. राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये मंजूर केलेल्या कर्करोग धोरणात 18 रुग्णालयं तीन स्तरांत घेतली, त्यात तिसऱ्या स्तरावर बारामतीचं नाव आहे. केंद्रानेही 2025-26 च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत केमोची डे-केअर केंद्रं तीन वर्षांत उभी करण्याची घोषणा केली. मात्र पुण्याचं असं केंद्र औंधला झालं तर इंदापूरचा प्रवास तिळभरही कमी होत नाही. केमो बारामतीत मिळाली तर बऱ्याच फेऱ्या वाचतील. रेडिएशनला जाड काँक्रीटची खोली, महागडं मशीन आणि ते चालवणारी तज्ज्ञ माणसं लागतात, त्याला वेळ लागणार.

उपचार संपल्यावर ज्यांचा रिपोर्ट ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असतो त्यांना रोज एक गोळी पाच वर्षं, कधी दहा वर्षं घ्यावी लागते. ही गोळी पुण्याहूनच आणायला पाहिजे असं नाही. मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी, बायोप्सीचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत जपून ठेवावं, मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवावेत आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवून गोळी तिथे मिळते का ते विचारावं.