मुद्रा आणि मालकी

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक विस्तृत लेख आहे. त्याने केलेल्या दानधर्माची त्यात यादी असून शूर्पारक, म्हणजे आजच्या वसई तालुक्यातील सोपारे, येथे त्याने बांधविलेल्या धर्मशाळेचाही उल्लेख येतो. परंतु आमचे लक्ष वेधले ते लेखाच्या शेवटी आलेल्या एका साध्या व्यवहाराने. भिक्षूंच्या अन्नासाठी दिलेले शेत उषवदाताने वाराहीपुत्र अश्विभूती ह्या ब्राह्मणाकडून 4000 कार्षापणांस विकत घेतले. ते त्याच्या वडिलांचे होते. आणि नगराच्या सीमेवर वायव्येस होते. कोणाकडून घेतले, कितीला घेतले, त्याच्याकडे कोठून आले आणि कोठे आहे, ह्या चारही प्रश्नांची उत्तरे सुमारे 1900 वर्षांपूर्वीच्या त्या एका वाक्यात मिळतात. शेजारच्याच दुसऱ्या एका लेखात तर आपले दान निगमसभेत जाहीर करून रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदविल्याचे उषवदात सांगतो. खरेदीदार राजाचा जावई होता. तरी व्यवहार लोकांसमोर उघड करणे त्यास आवश्यक वाटले.

त्याच सोपाऱ्याच्या परिसरात, नालासोपारा पूर्वेस, 2025 सालच्या फेब्रुवारीपर्यंत मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून 41 इमारती पाडण्यात आल्या. त्यांखालील जमीन कचराभूमी व सांडपाणी शुद्धीकरण केंद्र यांसाठी राखून ठेवलेली होती. दोन हजारांहून अधिक कुटुंबे ह्या इमारतींतून निघाली. त्याच वर्षी 26 ऑगस्टच्या मध्यरात्री विरार येथे एक अनधिकृत चारमजली इमारत कोसळून 17 माणसे मृत्युमुखी पडली. अशा घरांत राहणारी माणसे आकाशातून उतरलेली नसतात. त्यांनी पैसे मोजून घर घेतलेले असते, आणि घेतेवेळी कोणी ना कोणी त्यांना काही कागद दाखविलेले असतात.

आमचा एक जुना विद्यार्थी असेच कागद घेऊन एकदा आमच्याकडे आला होता. सातबाऱ्याचा उतारा होता, नोंदणी झालेला करारनामा होता, घरपट्टीची पावती होती, विजेचे बिल होते. ‘सर, एवढ्या ठिकाणी सरकारचा शिक्का आहे, मग घर खोटे कसे?’ हा त्याचा प्रश्न आम्हांस अजून विसरता येत नाही. कारण त्या कागदांपैकी एकही बनावट नव्हता. प्रत्येक कागद आपापल्यापुरते खरेच बोलत होता. मात्र ते सारे एकत्र मांडून विकणाऱ्याने एक मोठे असत्य उभे केले होते. इमारत बांधण्याची परवानगी त्या चळतीत नव्हती, आणि ती नाही हे सांगणारा कोणीच नव्हता.

विकणाऱ्याने काय सांगावे, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. स्वामी नसता विक्री करणे, म्हणजे अस्वामिविक्रय, हे मनुस्मृतीने एक स्वतंत्र विवादपद मानले आहे. आणि दोष झाकून किंवा भेसळ करून माल विकू नये, असेही तेथे सांगितले आहे. इंग्रजी अमलात 1872 च्या करार कायद्याने कपट व चुकीचे निवेदन यांची व्याख्या केली. पण साधी दक्षता घेऊन ज्यास सत्य कळले असते, त्याला चुकीच्या निवेदनाची तक्रार करून करार मोडता येणार नाही, असेही सांगून ठेवले. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने सहज न दिसणारे दोष उघड करण्याचे कर्तव्य विकणाऱ्यावर टाकले. तथापि हे कर्तव्य बजावून घ्यावयाचे तर दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे झगडावे लागे, आणि चाकरमान्यास ते कोठून परवडणार?

ह्यापुढचा इतिहास ज्ञानाचा भार हळूहळू विकणाऱ्याच्या खांद्यावर सरकविण्याचा आहे. 1963 साली महाराष्ट्राने सदनिकांविषयी कायदा करून, जमिनीवरील हक्क, मंजूर नकाशे आणि जमिनीवरील बोजे दाखविणे बांधणाऱ्यास बंधनकारक केले. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारीसाठी स्वतंत्र मंच दिले. 1993 साली त्यातील ‘सेवा’ ह्या शब्दाच्या व्याख्येत घरबांधणी स्पष्टपणे समाविष्ट झाली. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने खोट्या जाहिरातीस भुलून पैसे गुंतविणाऱ्यास भरपाईचा हक्क दिला, आणि 1 मे 2017 पासून महारेरा हे प्राधिकरण महाराष्ट्रात काम करू लागले. 2019 च्या नव्या ग्राहक कायद्याने तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्याच करून ठेवली. महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर लपविणारी जाहिरातही तीत येते.

मग इतके कायदे असता वसई-विरारमध्ये असे का घडावे? कोणी म्हणेल की, भाव स्वस्त पाहून लोक भुलतात. हे काही अंशी खरे आहे, आणि आम्ही ते नाकारीत नाही. पण स्वस्त घर शोधणे हा काही गुन्हा नव्हे. आमच्या मते खरे कारण निराळे आहे. वरील सर्व कायदे विकणारा आणि घेणारा ह्या दोघांचाच विचार प्रामुख्याने करतात. फसवणुकीस बळ मात्र तिसऱ्याच्या मुद्रेतून मिळते. सातबाऱ्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते. नोंदणी झाल्याने विकणाऱ्याची मालकी शाबीत होत नाही. तिची छाननी करून दस्त नाकारण्याचा अधिकार दुय्यम निबंधकास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 7 एप्रिल 2025 रोजी तमिळनाडूच्या एका प्रकरणात सांगितले आहे. महानगरपालिका अनधिकृत इमारतीवर करासह शास्ती आकारू शकते. पण त्या वसुलीने बांधकाम नियमित होत नाही, असे कायदाच म्हणतो. कायदेपंडितांस हे ठाऊक असते. गिरणगाव सोडून विरारला गेलेल्या कुटुंबास ते कोणी सांगितले?

ह्या बाबतीत 1993 सालच्या लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्याची आठवण करून द्यावीशी वाटते. घर देणारी सार्वजनिक संस्थाही ग्राहकास उत्तरदायी आहे, आणि अधिकाऱ्यांच्या जाचामुळे द्यावी लागणारी भरपाई त्या त्या अधिकाऱ्याकडून वसूल करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटले. तो निर्णय घर देणाऱ्या संस्थेपुरता होता, हे खरे. पण ज्या कचेरीस इमारत बेकायदा आहे हे माहीत असते आणि तरीही जी तिच्यावरील कर घेत गप्प राहते, तिचे मौन हीदेखील दिशाभूलच नव्हे काय?

बेकायदा ठरलेल्या प्रत्येक इमारतीची नोटीस तिच्या दारावर, नोंदणी कचेरीत आणि घरपट्टीच्या पावतीवरही ठळक अक्षरांत असावी, एवढेच आमचे मागणे आहे. त्यास नवा कायदाशास्त्री नको. उषवदाताने आपला व्यवहार सभेत जाहीर करविला आणि दगडावर कोरविला, म्हणून तो आजही वाचता येतो. नालासोपाऱ्यातील त्या 41 इमारतींचे सत्य मात्र, त्या पाडावयास यंत्रे आली तेव्हा कित्येकांस प्रथम वाचावयास मिळाले.