आजीची शाल आणि पॅरिसचा हिवाळा

दिवाळीची पहाट म्हटली की मला उटण्याच्या आधी आठवतो तो डांबराच्या गोळ्यांचा वास. नरकचतुर्दशीला आमच्या घरी पहिला मान उटण्याचा नसे, ट्रंकेचा असे. पहाटे चारला आजी खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढी, वरचे कडुनिंबाचे वाळके पान झटकी आणि जुन्या धोतरात गुंडाळलेली एक शाल बाहेर काढी. रंग कुंकवासारखा, पण उन्हात राहिलेल्या कुंकवासारखा. आणि चारही कडांनी लांबच लांब, शेंडा वाकवलेल्या कोयऱ्या. अभ्यंगस्नान करून कुडकुडत आलेल्या प्रत्येक पोराला आजी त्या शालीत घटकाभर घेई. घरात तिचे नाव 'दरबारी शाल' असे होते. आमच्या कोणा पूर्वजाला ती दरबारातून मिळाली होती म्हणे. कोणत्या दरबारातून, हे कुणी विचारले नाही. असल्या गोष्टी विचारायच्या नसतात.

मी कॉलेजात असताना एका हिवाळ्यात दारावर एक म्हातारा काश्मिरी शालवाला आला. त्याच्याकडून काही घेण्याची आमची ऐपत नव्हती, पण आपली शाल त्याला दाखवावी ही हौस मला आवरली नाही. त्याने ती हातात घेतली आणि पहिली गोष्ट केली ती ही, की शाल उलटी केली. वरची बाजू त्याने पाहिलीसुद्धा नाही. मागच्या अंगावर त्याने अंगठा फिरवला, थोडा हसला आणि हळूच म्हणाला, "बाबूजी, ये हाथ का काम नहीं. ये विलायती है."

आजी आत होती. तिने ऐकले की नाही हे मला तेव्हा कळले नाही. त्या एका वाक्याने मात्र मला पुढची कित्येक वर्षे ग्रंथालयांत बसवले. जे हाती लागले ते असे.

हिमालयापलीकडे लडाखच्या पूर्वेला चांगथांग नावाचे पठार आहे. उंची चौदा-पंधरा हजार फूट. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस-चाळीस अंश जातो. तिथल्या शेळ्यांना वरच्या राठ केसांखाली थंडीत एक मऊ लव येते. वसंतात ती आपोआप सुटू लागते, तेव्हा धनगर फणीने विंचरून काढतात. हीच पश्म. माणसाच्या केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकी बारीक. म्हणजे जगातल्या श्रीमंतांनी अंगावर घेतलेली ही ऊब मुळात एका शेळीने स्वतःच्या जिवासाठी उगवलेली असते.

ही लव श्रीनगरला येई, बायका ती चरख्यावर कातीत, आणि मग माग. कानी शालीच्या मागावर एरवीसारखा धोटा या काठापासून त्या काठापर्यंत धावत नाही. प्रत्येक रंगासाठी लाकडाची एक छोटी टोकदार काडी असते. एका ओळीत अशा शेकडो काड्या लटकतात आणि विणकर रंग बदलेल तिथे धागा धाग्यात अडकवून पुढे जातो. नक्काश नक्षी काढतो, ती सांकेतिक खुणांत कागदावर उतरते. त्या कागदाला 'तालीम' म्हणतात. ती पाहून विणकरांना रंग आणि धागे मोजून सांगितले जातात. आपण भजन म्हणतो तशी तिथे शाल म्हटली जाते! मागावर दोन-तीन माणसे बसूनही एका भारी शालीला वर्ष-दीड वर्ष सहज लागे. पुढे वेळ वाचावा म्हणून एकच शाल तुकड्यातुकड्यांनी अनेक मागांवर विणू लागले आणि रफूगर ते तुकडे असे सांधीत की जोड सापडू नये.

अकबराने १५८६ मध्ये काश्मीर घेतले. त्याला शालीचे वेडच होते. अबुल फजल 'ऐन-इ-अकबरी'त लिहितो की, पूर्वी लोक शाल चार घड्या करून वापरीत. आता ती घडी न घालता नुसती खांद्यावर टाकतात आणि बादशहांनी ती दुहेरी घेण्याची रीत सुरू केली आहे, ती फार शोभते. पुढची फॅशन काय, हे बादशहाचा चरित्रकार नोंदवून ठेवतो आहे! औरंगजेबाबरोबर १६६५ मध्ये काश्मिरात गेलेला फ्रेंच वैद्य बर्निये सांगतो की पाटणा, आग्रा, लाहोर इथे असल्या शाली विणण्याचा खटाटोप झाला, पण तो मऊपणा काही आला नाही. लोक त्याचे श्रेय काश्मीरच्या पाण्याला देत. मोगलांची ही रीत दक्षिणेतही आली. पेशवाईत मानाच्या वस्त्रांत शालजोडी हवीच. राज्य गेले, शालजोडी गेली. सत्काराची शाल आणि श्रीफळ तेवढे राहिले. आणि राहिला 'शालजोडीतला' हा शब्द, ज्याची ऊब फक्त मारणाऱ्याला लागते.

आता मला पॅरिसला जायचे आहे. कारण आमच्या शालीचा धागा तिथे जातो.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या वादळानंतर तिथल्या बायकांनी जुने जडशीळ पोशाख टाकले आणि ग्रीक पुतळ्यांसारखे पांढरे, पातळ मलमलीचे झगे घालायला सुरुवात केली. बाह्या आखूड, गळा मोठा, कापड असे की त्याखालचे काही लपू नये. यांतली उंची मलमल आपल्या बंगालची. दिसायला सुरेख खरे. पण पॅरिसचा हिवाळा म्हणजे काही ढाक्याचा हिवाळा नव्हे. नव्या टूमेपायी सर्दी-पडशाने आणि त्याहून वाईट दुखण्यांनी माणसे आजारी पडू लागली, तेव्हा डॉक्टरांनी मलमलीच्या नावाने बोटे मोडली. झगा तर सोडायचा नाही आणि थंडीने मरायचेही नाही, या पेचातून सुटका झाली ती काश्मिरी शालीने. १७९८ मध्ये नेपोलियनची फौज इजिप्तला गेली. तिथले अमीर-उमराव या शाली कमरेला आणि डोक्याला गुंडाळीत. फ्रेंच अधिकाऱ्यांनी त्या पाहिल्या आणि घरच्या बायकांसाठी पाठवल्या.

वजनाला हलकी, घडी घातली तर मूठभर, पांघरली तर शेगडीच. नेपोलियनची पत्नी जोसेफिन तिच्यावर लुब्ध झाली. १८०५ मध्ये प्रूदाँने तिचे चित्र काढले आहे. मालमेझाँच्या बागेत ती दगडी बाकावर बसली आहे, अंगात पांढरा पातळ झगा आणि भोवती लाल शाल. पुढे १८०९ च्या सुमारास ग्रोने काढलेल्या चित्रात तर तिचा झगाच काश्मिरी शालीचा शिवलेला आहे, काठावर कोयऱ्यांची रांग, आणि त्यावर आणखी एक शाल! अँग्रने रंगवलेल्या मादाम रिव्हिएरच्या अंगावरची शाल पाहावी. चित्रकाराचा जीव त्या बाईपेक्षा शालीच्या काठावरच जास्त जडलेला दिसतो. या चित्रांनी आणि १७९७ पासून निघणाऱ्या फॅशनच्या नियतकालिकातल्या हाताने रंगवलेल्या तसबिरींनी ही टूम घरोघर नेली. बड्या घरच्या मुलीच्या लग्नात वराकडून येणाऱ्या भेटींत काश्मिरी शाल असे, आपल्याकडच्या शालूसारखी.

एक गंमत सांगायची राहिली. प्रवासात कसर लागू नये म्हणून व्यापारी शालींच्या घड्यांत पॅचूलीची सुगंधी पाने घालीत. दवणा, मरव्याबरोबर गजऱ्यात ओवतात त्या आपल्या पाचेच्याच जातीतली ही पाने. पॅरिसच्या बायकांना वाटे, हाच अस्सल शालीचा वास. म्हणून फ्रेंच कारखानदार नकली शालींनाही तो वास चोळू लागले. मग तो वासच लोकांना आवडला आणि अत्तराच्या बाटलीत जाऊन बसला. आमच्या आजीच्या शालीला मात्र डांबराचा वास होता. तिथेच मला संशय यायला हवा होता!

नकलेचे काम पॅरिस, लियों, नॉरिच, एडिंबरो इथे चालले, आणि सर्वांत जोरात स्कॉटलंडात ग्लासगोजवळच्या पेझली नावाच्या गावी. जाकार नावाच्या फ्रेंच कारागिराने १८०४ च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांनी नक्षी उठवणारा माग तयार केला. तालीम म्हणून दाखवणाऱ्या माणसाचे काम आता पुठ्ठा करू लागला. श्रीनगरात दीड वर्ष घेणारी नक्षी दिवसांच्या हिशेबात होऊ लागली. तेर्नो नावाच्या कारखानदाराने १८१९ मध्ये शेळ्यासुद्धा फ्रान्सला आणवल्या, पण ती लव काही तिथे धंद्यापुरती पिकली नाही. यंत्राच्या शालीचे बिंग एकाच ठिकाणी फुटे: उलट बाजूला. हातच्या कानीच्या मागे रंगारंगाच्या सांध्यांचे बारीक उंचवटे लागतात. यंत्राच्या शालीत न वापरलेले रंगीत धागे मागे मोकळे सुटतात आणि ते कापून टाकलेले असतात. म्हाताऱ्याच्या अंगठ्याला लागले ते हेच. पुढे या विलायती शाली पूर्वेकडच्या बाजारांतही विकायला आल्या. आमच्या पूर्वजाला ती दरबाराने दिली की एखाद्या दुकानदाराने, हे आता देवालाच ठाऊक. आपल्या कोयरीला इंग्रजीत त्या स्कॉटिश गावाचे नाव पडले आहे, ही बाब मात्र मला अजून खुपते.

परंतु पेझलीच्या विणकरांवर राग धरायलाही जागा नाही. टूम जरा हलली की तेही उपाशी. १८४१ ते १८४३ च्या मंदीत त्या गावातले हजारो लोक बेकार झाले. व्हिक्टोरिया राणीने मुद्दाम तिथल्या शाली विकत घेतल्या.

याच राणीला श्रीनगरच्याही शाली मिळत, पण त्या विकत नव्हे. १८४६ च्या अमृतसरच्या तहाने इंग्रजांनी काश्मीर ७५ लाख रुपयांना गुलाबसिंगाला दिले आणि वार्षिक नजराणा ठरवला: एक घोडा, सहा नर आणि सहा मादी मिळून बारा शेळ्या, आणि तीन शालजोड्या. राणी त्या शाली लग्नांत भेट देई.

आणि विणणारा? अफगाण अमलापासून प्रत्येक शालीवर सरकारी 'दाग', म्हणजे शिक्का, मारून कर घेण्याची पद्धत होती. डोगऱ्यांनी ती चालू ठेवली. विणकराच्या मिळकतीचा मोठा भाग करात जाई. हा धंदा सोडायची मुभा नाही, खोरे सोडायची नाही. तरी पुष्कळजण डोंगर ओलांडून अमृतसर, लुधियाना, नूरपूरला पळाले. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरच्या झालडगर भागात शालविणकरांनी कर कमी करा म्हणून मोर्चा काढला. फौज अंगावर आली, पळापळीत लोक पुलावरून पाण्यात पडले. अठ्ठावीस जण मेल्याची नोंद आहे. त्या वसंतात पॅरिसमध्ये शाल अजून ऐन भरात होती.

हे 'भरात' म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. तेव्हा बायका पिंजऱ्यासारखे लोखंडी कड्यांचे घेरदार झगे घालीत. त्या घेरावर कोट चढणे कठीण. मोठी शाल त्रिकोणी घडी करून टाकली की ऊबही मिळे आणि सगळी नक्षी पाठीवर पसरे. पॅरिसच्या गाजलिन नावाच्या दुकानात चार्ल्स वर्थ नावाचा एक इंग्रज तरुण कामाला होता. तिथेच मारी व्हेर्ने नावाची मुलगी गिऱ्हाइकांपुढे शाली पांघरून, चालून, वळून दाखवण्याच्या कामावर होती. शाल खुंटीवर कशी दिसते यापेक्षा चालत्या खांद्यावर कशी दिसते, हे तिने दाखवले. आज फॅशनच्या मंचावर मुली चालतात, त्यांत पहिली म्हणून तिचेच नाव घेतात. म्हणजे या मंचावरचे पहिले पाऊल पडले ते शालीसाठी!

१८५१ मध्ये वर्थने तिच्याशी लग्न केले, १८५८ मध्ये स्वतःचे दुकान थाटले आणि सम्राज्ञी युजेनी त्याची गिऱ्हाईक झाली. मग १८६० नंतर त्या घेराला ओहोटी लागली. सगळा फुगारा कमरेमागे नेणारा नवा झगा आला. त्याचे बरेचसे श्रेय वर्थलाच देतात. त्या मागच्या उंचवट्यावर शाल धड बसेना, आणि नव्या झग्याची सारी ऐट नेमकी पाठीवर; ती शालीखाली झाकायची कशी? जिने शाल चालवून दाखवली, तिच्याच नवऱ्याच्या कात्रीने शाल उतरवली. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले, पॅरिसला वेढा पडला, श्रीनगरच्या शालींचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले. वखारींत माल पडून राहिला. १८७७ ते १८७९ च्या दुष्काळात ज्यांच्या हातात केवळ रंगीत काड्या चालवण्याची विद्या होती, त्यांतले कितीतरी विणकर आपल्या विद्येसह गेले. कानी विणणारे हात आजही आहेत, काश्मिरी पश्मिन्याला २००८ मध्ये कायद्याने भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु त्या पिढीबरोबर काय काय बुडाले याची मोजदाद कोण करणार?

हे सारे वाचून झाल्यावर दिवाळीला मी घरी गेलो. आजी खूप थकली होती, तरी चारला उठून ट्रंक तिनेच ओढली. शाल माझ्या खांद्यावर टाकताना म्हणाली, "त्या शालवाल्याने काय सांगितले होते रे तुला?"

मी म्हणालो, "फार जुनी आहे म्हणाला."

"आणि उलटी करून काय पाहत होता?"

मी गप्प राहिलो. आजीने शाल माझ्या गळ्याशी नीट आवळली, उलट बाजूवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "मऊ नाही हो ती तितकीशी. मला कधीचे ठाऊक आहे. जा, तुझ्या धाकट्या भावाला उठव. पाणी निवते आहे."