माळ्यावरचा वारसा

कारागिरीचा वारसा नेमका राहतो कोठे? स्विस घड्याळांचा इतिहास वाचताना हा प्रश्न आम्हांस पडतो. ज्यूरा पर्वतराजीतील ल लोक्ल या गावी जॉर्ज फाव्र-जाको यांनी १८६५ साली कारखाना काढला आणि घरोघरी विखुरलेली घड्याळकामे एका छपराखाली आणली. हाच पुढे झेनिथ म्हणून नावारूपास आला.

१९६९ च्या जानेवारीत झेनिथने ‘एल प्रिमेरो’ हे यंत्र जाहीर केले. मनगटाच्या हालचालीने आपोआप किल्ली घेणारे हे यंत्र तासाला ३६,००० आंदोलने करी व सेकंदाचा दहावा भाग मोजी. पण त्याच डिसेंबरात टोकियोत सेको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीस आणले. स्फटिकाच्या कंपनांवर चालणाऱ्या घड्याळांपुढे चक्रे व कमानी मागे पडू लागल्या. १९७५ साली झेनिथच्या अमेरिकन मालकांचा हुकूम सुटला : यांत्रिक उत्पादन बंद, हत्यारे मोडीत.

शार्ल व्हेर्मो या जुन्या कारागिराने वरिष्ठांस विनवून पाहिले; उपयोग झाला नाही. तेव्हा त्याने साचे, हत्यारे व आराखडे गुपचूप माळ्यावर दडविले आणि त्यांची बारकाईने टिपणे ठेवली. १९८४ मध्ये एल प्रिमेरो पुन्हा घडू लागले, ते या ठेव्यामुळेच. १९८८ पासून रोलेक्सनेही आपल्या डेटोना घड्याळासाठी ते फेरफार करून घेतले.

हुकमाचे वजन आम्हां नोकरदारांस ठाऊक आहे. म्हणूनच हा अवज्ञेचा प्रकार आम्हांस विचारात पाडतो. टिपणांवाचून ती हत्यारे केवळ लोखंड ठरली असती. मागून येणाऱ्याची वाट पाहत व्हेर्मोने ती लिहिली. वारसा राहिला तो तेथे.