निजगलच्या पायथ्याशी

तुल्यबळ अशा दोन युद्धनीतिज्ञांची झुंज हा चिनी ऐतिहासिक युद्धपटांचा मोठा लाडका विषय. झुगे ल्यांग आणि सिमा यी ही त्यांतील प्रसिद्ध जोडी. इसवी सन २३४ मध्ये वेई नदीच्या परिसरात दोघांच्या सेना महिनोन्महिने समोरासमोर तळ देऊन होत्या. झुगेने परोपरीने डिवचले, तरी सिमा यी लढाईस बाहेर पडला नाही. रसद पुरावी म्हणून झुगेने आपल्या शिपायांकडून शेती करविली. पण अखेर तो छावणीतच आजाराने मरण पावला. ही कथा ऐकताना आम्हां बंगळूरकर मराठी माणसांना ती दूरची वाटत नाही. तुमकूर रस्त्यावरचा निजगलचा डोंगर आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

हैदर अलीच्या उत्कर्षाचा या शहराशी निकट संबंध आहे. १७५९ च्या सुमारास गोपाळराव पटवर्धनांनी बंगळूरला वेढा घातला, तेव्हा हैदराने शहर राखले आणि नाव मिळविले. पुढे त्याने येथील मातीचा किल्ला दगडी केला. त्याचा एक दरवाजा आणि तटाचा काही भाग कृष्णराज बाजाराजवळ आजही उभा आहे.

१७६४ मध्ये चाळिशी उलटलेल्या या मुरब्बी सेनानीपुढे एकोणीस वर्षांचे माधवराव पेशवे उभे ठाकले. मोकळ्या मैदानात मराठी घोडदळाशी गाठ घालण्यात अर्थ नाही, हे हैदर पुरते ओळखून होता. रानाचा आश्रय घ्यावा, चकमकीत वेळ काढावा आणि पावसाळा लागताच मराठे परत फिरतील याची वाट पाहावी, हा त्याचा डाव. माधवरावांचे उत्तर साधे, पण अचूक होते. मे महिन्यात रट्टेहळ्ळीस त्यांनी हैदराचा पराभव केला आणि पावसाळ्यात पुण्यास न परतता कर्नाटकातच छावणी केली. नोव्हेंबरात धारवाड घेतले, डिसेंबरात अनवट्टीस पुन्हा विजय मिळविला. १७६५ मध्ये राघोबादादांच्या मध्यस्थीने तह झाला; त्याच्या अटी मात्र सौम्य राहिल्या.

१७६७ मध्ये माधवराव पुन्हा आले, तेव्हा हैदराने शस्त्र बदलले. म्हैसूरचा इतिहासकार विल्क्स सांगतो की, तळ्यांचे बांध फोडावे, विहिरींत शेराच्या फांद्या टाकून पाणी विषारी करावे, वैरण जाळावी, धान्य पुरावे आणि माणसे व गुरे रानात न्यावी, असे हुकूम सुटले. तरीही शिरे हाती आले, मदगिरी पडली आणि तेथे कैदेत असलेली बिदनूरची राणी मुक्त झाली.

तिसऱ्या स्वारीत, १७७० मध्ये, निजगलचा किल्ला जवळजवळ तीन महिने लढला. पेशव्यांचे धाकटे बंधू नारायणराव तेथे जखमी झाले. अखेर चित्रदुर्गच्या नायकाच्या लोकांच्या साहाय्याने किल्ला सर झाला. पण क्षयाने ग्रासलेल्या माधवरावांना पुण्यास परतावे लागले. मागे राहिलेल्या त्रिंबकराव पेठे यांनी मार्च १७७१ मध्ये मोती तलावापाशी हैदराच्या फौजेची दाणादाण उडविली. हैदर कसाबसा निसटून श्रीरंगपट्टणात शिरला. ते मात्र पडले नाही. १७७२ मध्ये तह झाला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला थेऊर येथे, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, माधवराव निवर्तले. दोन वर्षांच्या आत हैदराने गेलेला बहुतेक मुलूख परत मिळविला.

म्हणजे रणात माधवराव जिंकत गेले आणि काळाने कौल हैदराला दिला. हैदराचे खरे बळ तलवारीत नसून पराभवानंतरही टिकून राहण्यात होते. तर पेशव्यांची सारी नीती एका माणसाच्या देहावर उभी होती. हा निष्कर्ष आम्ही बरेच दिवस मनाशी बाळगून होतो.

एका रविवारी आमच्या कचेरीतील एका कन्नड स्नेह्यासह आम्ही निजगल पाहून आलो. गडावर आम्ही मोठ्या अभिमानाने हा सारा इतिहास सांगितला. त्याने तो मन लावून ऐकला. परतताना वाटेत एका तळ्याच्या बांधावर बसून तो म्हणाला, "आमच्या गावचे तळे एकदा अतिवृष्टीने फुटले होते. बांध पुन्हा घालायला दोन उन्हाळे गेले. तुमच्या त्या साली किती फोडली असतील हो?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. हैदराने तळी फोडविली, आणि उरलेली वैरण व धान्य आमच्या फौजेने नेले. दोन्हींकडून भरडली गेली ती एकच रयत. आमच्या बखरींत तिची नोंद सहसा सापडत नाही. खंडणीचा आकडा मात्र चोख असतो. ज्या गावात आम्ही नोकरीनिमित्त सुखाने राहतो, त्या मुलखाला आमच्या विजयांची आठवण कशी असेल, हा प्रश्न तोवर आम्ही स्वतःस कधी विचारलाच नव्हता.

माधवरावांविषयीचा आमचा आदर तिळमात्र कमी झालेला नाही. पण आता निजगलची गोष्ट कोणास सांगावयाची झाल्यास आम्ही ती गडापासून आरंभीत नाही, तळ्यापासून आरंभितो.