अमृतसरातील दोन मराठी नावे

तीर्थक्षेत्री जाणारा भाविक देवदर्शनाने तृप्त होतो आणि हौशी प्रवासी शिखरावरील सोने पाहून परततो. इतिहासाच्या अध्यापकाचे मात्र एवढ्याने भागत नाही. आम्ही अमृतसरास गेलो ते प्रवासी म्हणूनच. परंतु तेथे जे पाहिले त्याचा आपल्या मराठी समाजाशी, विशेषतः महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांशी, जवळचा संबंध आहे असे वाटल्याने हे टिपण वाचकांपुढे ठेवीत आहोत.

चौथे गुरू रामदास यांनी 1577 च्या सुमारास येथे सरोवर खोदविले आणि त्याच्या काठी वस्ती वाढली. शहराला नाव मिळाले ते त्या सरोवरावरून. पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी सरोवराच्या मध्यभागी हरिमंदिर उभारले. या वास्तूच्या दोन गोष्टी ध्यानात धरण्याजोग्या आहेत. आपली देवळे बहुधा उंच जोत्यावर असतात व भक्त पायऱ्या चढून वर जातो. येथे पायऱ्या उतरून खाली जावे लागते. शिवाय मंदिराला चारही दिशांना दारे आहेत. नम्रता आणि सर्वांना मुक्त प्रवेश ही शीख धर्माची दोन तत्त्वे येथे दगडविटांतच सांगितलेली आहेत. लंगरात राव-रंक एका पंगतीस बसतात, तेही याच शिकवणीला धरून.

आज डोळे दिपविणारा सोन्याचा पत्रा पुष्कळ नंतरचा. तो महाराजा रणजितसिंगांच्या काळातील, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील होय. त्यापूर्वी 1762 मध्ये अहमदशहा अब्दालीने हे मंदिर सुरुंगाच्या दारूने उडवून दिले होते. शिखांनी ते पुन्हा बांधले. 1984 च्या जून महिन्यातील लष्करी कारवाईत समोरच्या अकाल तख्ताची इमारत उद्ध्वस्त झाली. तीही पुन्हा उभी राहिली. मंदिरापासून थोड्याच अंतरावर जालियनवाला बाग आहे. तेथील भिंतींवर 13 एप्रिल 1919 च्या गोळ्यांच्या खुणा दाखवितात. सरकारी आकड्यानुसारच त्या दिवशी 379 माणसे मेली. अमृतसरची ही परिक्रमा करताना सोन्यापेक्षा पुनःपुन्हा बांधणाऱ्या हातांचेच महत्त्व अधिक वाटू लागते.

या शहरात मराठी माणसाला आपली दोन नावे भेटतात. पहिले यशवंतराव होळकर यांचे. इंग्रजांशी झुंजत, उत्तरेत मित्र शोधीत ते 1805 च्या अखेरीस पंजाबात शिरले व अमृतसरला येऊन पोहोचले. पाठीवर लॉर्ड लेकची फौज होती. रणजितसिंगांचे वय त्या वेळी अवघे 25 वर्षांचे होते. राज्याची घडी नुकती बसत होती. पाहुण्यासाठी इंग्रजांशी युद्ध पत्करावे की आपले राज्य सांभाळावे, हा पेच त्यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी राज्य सांभाळले. 24 डिसेंबर 1805 रोजी बियास नदीच्या काठी होळकरांना इंग्रजांशी तह करावा लागला. आणि 1 जानेवारी 1806 च्या तहात होळकरांनी आपली फौज घेऊन तत्काळ अमृतसरपासून 30 कोस दूर जावे, असे कलमच घातले गेले.

यासाठी रणजितसिंगांना दोष देणे सोपे आहे. ते न्याय्य नाही. तेव्हा हिंदुस्थानातील प्रत्येक सत्ता एकेकटी विचार करीत होती आणि इंग्रजांचे खरे बळ त्यातच होते. त्याचा परिणामही लपून राहिला नाही. 1818 मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांचे स्वातंत्र्य गेले आणि 1849 मध्ये पंजाबही कंपनी सरकारच्या मुलखात सामील झाला. एकाला 30 कोस दूर ठेवून दुसऱ्याचे राज्य वाचले ते उण्यापुऱ्या 43 वर्षांपुरते.

दुसरे नाव संत नामदेवांचे. ते चौदाव्या शतकातले. गुरू नानकांचा जन्म त्यांच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, 1469 मध्ये झाला. परंपरेनुसार नामदेवांनी उत्तरायुष्यातील पुष्कळ काळ पंजाबात घालविला. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे व तेथेच 2015 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. गुरू अर्जुनदेवांनी 1604 मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथात नामदेवांची 61 पदे आहेत. कबीर, रविदास आणि शेख फरीद यांच्या शेजारी पंढरीच्या या शिंप्याला स्थान मिळाले. तोच ग्रंथ आजही रोज पहाटे पालखीतून हरिमंदिरात नेतात आणि रात्री अकाल तख्तावर परत आणतात.

या पदांची भाषा अभंगांची मराठी नाही. ती उत्तरेत समजणारी बोली आहे, तरी तिच्यात मधूनमधून मराठी रूपांच्या खुणा आढळतात. नामदेव ज्या लोकांत राहिले त्यांच्या भाषेत बोलले, आणि बोलताना आपली मायबोलीही त्यांनी पुसून टाकली नाही. म्हणून त्या लोकांनी त्यांचे शब्द आपलेच मानून जतन केले.

होळकरांचे शौर्य लहान नव्हते. परंतु फौजेच्या बळावर परमुलखात मिळालेला निवारा फौजेबरोबरच उठून जातो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी माणसे बहुतेक फौजेच्या किंवा दरबाराच्या मागोमाग तेथे गेली. ते दरबार 1948 नंतरच्या काही वर्षांत इतिहासजमा झाले. आता तेथे आपले जे काही टिकावयाचे ते नामदेवांच्या रीतीनेच टिकेल. शेजाऱ्याची भाषा मनापासून शिकावी, तिच्यात आपले उत्तम ते द्यावे आणि घरात मराठीचा दिवा तेवत ठेवावा. आमच्या शिक्षकबंधूंनी अमृतसरास जाण्याचा योग आणावा. मंदिरात ग्रंथाचे पठण चालू असता या पोथीत आपलाही एक माणूस आहे, एवढे विद्यार्थ्यांना सांगितले तरी इतिहासाचा एक तास सार्थकी लागेल.