भाव सांगणारा प्रोसेसर, पाऊस सांगणारा प्रोसेसर

इंदूरच्या वायव्येला, धार जिल्ह्याला लागून देपालपुर तहसील आहे. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाचे गौतमपुरा याच तहसिलीत येते, बेटमाही इथलेच. जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. पन्नास-साठ वर्षांपूर्वी माळव्यातले शेतकरी यातली पुष्कळशी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवत आणि जिरलेल्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घेत. सत्तरच्या दशकात सोयाबीन आले आणि पावसाळ्यातली ती पड भरत गेली. १९७९ मध्ये सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची देशव्यापी संघटना इंदूरला स्थापन झाली. १९८७ मध्ये सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदूरलाच आले.

या पिकाने शेतकऱ्यापुढे दोन प्रश्न ठेवले. पेरणी कधी करायची आणि माल कुठल्या मंडीत न्यायचा? पहिल्याचे उत्तर आभाळाकडे, दुसऱ्याचे आडत्याकडे. पुढे ही दोन्ही उत्तरे संगणक देऊ लागला, पण एकाच जातीचा संगणक नव्हे. भाव सांगायला खेड्यातला साधा डेस्कटॉप पुरला. पाऊस सांगायला पुण्यात आणि दिल्लीत हजारो प्रोसेसर एकमेकांना जोडावे लागले. डेस्कटॉपचा प्रोसेसर आणि वर्कस्टेशनचा प्रोसेसर यांतला फरक ग्राहकाला दुकानात किमतीच्या आकड्यावरून समजत नाही. या दोन कामांचा इतिहास पाहिला की तो लख्ख दिसतो.

भावाची गोष्ट सोपी आहे. १ जानेवारी २००० रोजी शेजारच्या धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ सुरू झाले. गावोगावी ‘सूचनालय’ नावाची केंद्रे, प्रत्येकात एक संगणक आणि तो टेलिफोनच्या तारेने धारच्या मुख्य संगणकाला जोडलेला. मंडीचे भाव, खसऱ्याची म्हणजे जमिनीच्या नोंदीची नक्कल, दाखले, तक्रारी अशी कामे तिथे होत. त्याच वर्षी या प्रयोगाला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. जून २००० मध्ये आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशातल्या सोयाबीनच्या गावांतूनच ‘ई-चौपाल’ सुरू केले. इथे संगणक गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी असे आणि त्याला ‘संचालक’ म्हणत. माल गाडीत भरून मंडीत नेल्यावर तिथे पुकारला जाईल तो भाव घ्यायचा, ही जुनी रीत होती. आता घरून निघण्यापूर्वीच भाव कळू लागला, आणि न पटल्यास पोते घरीच ठेवता येऊ लागले. माळव्यातल्या लहान शेतकऱ्याच्या हातात आलेली ही मोठी सत्ता होती.

या यंत्रांना अडचणी आल्या त्या वीज आणि टेलिफोनच्या. म्हणून ई-चौपालने पुढे उपग्रहाच्या तबकड्या आणि सौर पॅनेल बसवले. प्रोसेसर कमी पडतो अशी तक्रार होण्याचे कारणच नव्हते. भावांचे एक पान दाखवायला प्रोसेसरला जेमतेम क्षणभर काम करावे लागते. उरलेला वेळ तो तारेवरून अक्षरे येण्याची किंवा समोरच्या माणसाने कळ दाबण्याची वाट पाहतो.

डेस्कटॉपचा प्रोसेसर जन्मला तो याच कामासाठी. १९८१ च्या आयबीएम पीसीत इंटेलचा ८०८८ होता, वेग ४.७७ मेगाहर्ट्‌झ. दशांशाची गणिते झपाट्याने करणारा ८०८७ हा जोड-प्रोसेसर वेगळा विकत घ्यावा लागे आणि बहुतेक जण तो घेत नसत. पत्र लिहायला, खातेवही ठेवायला त्याची गरज पडत नसे. १९८९ मध्ये ४८६ आला तेव्हा हा गणिती विभाग प्रथमच मुख्य चिपमध्ये बसला. तरीही १९९१ मध्ये इंटेलने तो विभाग वगळून ४८६एसएक्स हा स्वस्त प्रकार बाजारात आणला आणि तो खपला. डेस्कटॉपच्या गिऱ्हाइकाला दशांश ही अजूनही चैन वाटत होती.

पावसाचा अंदाज मात्र मुळात दशांशांचाच असतो. पृथ्वीभोवतालच्या हवेच्या काल्पनिक चौकटी पाडायच्या. प्रत्येक चौकटीतले तापमान, दाब, बाष्प आणि वारा मोजायचा. पुढच्या काही मिनिटांत त्यात काय बदल होईल याचे गणित करायचे, आणि असे दहा दिवसांपर्यंत पुढे जात राहायचे. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, आणि वेळेची पावलेही निम्मी टाकावी लागतात. म्हणजे गणित आठपट वाढते. शिवाय शेजारच्या चौकटीत काय झाले हे प्रत्येक चौकटीला प्रत्येक पावलाला कळावेच लागते.

१९८७ च्या भीषण दुष्काळानंतर भारताने दिल्लीत मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजासाठी राष्ट्रीय केंद्र उभारले आणि अमेरिकेकडून एक प्रोसेसर असलेले क्रे एक्स-एमपी/१४ हे यंत्र घेतले. त्याच्या वापरावर कडक अटी होत्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवे असलेले अधिक ताकदीचे यंत्र तर अमेरिकेने दिलेच नाही. दिल्लीच्या केंद्राच्या सुरुवातीच्या काळातल्या प्रारूपाची एक चौकट सुमारे दीडशे किलोमीटरची होती. इंदूर, उज्जैन, देवास, धार ही सगळी गावे एकाच चौकटीत मावत. देपालपुरात पाऊस आणि देवासला ऊन असा भेद त्या गणिताला दिसणे शक्यच नव्हते.

अमेरिकेच्या या नकाराच्या पार्श्वभूमीवर मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली. प्रमुख होते डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. तीन वर्षांत देशी महासंगणक बनवायचा होता आणि चिप बनवणारा कारखाना हाताशी नव्हता. म्हणून त्यांनी एका प्रचंड प्रोसेसरचा नाद सोडला आणि अनेक छोटे प्रोसेसर जोडण्याचा मार्ग धरला. निवड पडली ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या टी-८०० या ट्रान्सप्युटरवर. १९८७ च्या या चिपमध्ये दशांशाचे गणित करणारा विभाग आतच होता. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे शेजारच्या चिपशी थेट बोलायला तिला चार दुवे होते. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग लावून हातोहात घागरी पोचवाव्यात, तशी आकडेमोड एका चिपकडून दुसरीकडे सरकत जाई. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला आणि तो जर्मनी, ब्रिटन, रशियापर्यंत पोचला.

ट्रान्सप्युटरचा वंश मात्र पुढे चालला नाही. त्याची पुढची पिढी रेंगाळली आणि इतर कंपन्यांचे प्रोसेसर कितीतरी वेगवान झाले. पुण्याने आधी इंटेलचा आय८६० जोडून ‘परम ८६००’ केला. मग ‘परम ९०००’पासून वर्कस्टेशनच्या प्रोसेसरकडे मोर्चा वळवला.

वर्कस्टेशन हा ऐंशीच्या दशकातला वेगळाच बाजार होता. अभियंता, वास्तुरचनाकार किंवा संशोधक एकट्याने वापरेल असे यंत्र, पण पीसीपेक्षा कितीतरी दमदार. युनिक्स प्रणाली, मोठा पडदा, भरपूर मेमरी, जाळ्याची जोडणी पहिल्यापासून. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेली सन मायक्रोसिस्टिम्स ही या बाजारातली बिनीची कंपनी, आणि तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. सनने सुरुवात मोटोरोलाच्या ६८००० ने केली आणि १९८७ मध्ये स्वतःचा स्पार्क प्रोसेसर आणला. १९९५ मध्ये ६४ बिटांचा अल्ट्रास्पार्क आला. १९९८ च्या ‘परम १००००’मध्ये सनच्या बाजारात मिळणाऱ्या यंत्रांतले अल्ट्रास्पार्क होते. असे सुमारे १६० प्रोसेसर मिळून सेकंदाला शंभर अब्ज गणिते करत. चिप परदेशी होती. त्या चिपांना एकत्र राबवणारे ‘परमनेट’ हे जाळे आणि त्यावरचे सॉफ्टवेअर सी-डॅकचे होते. पुण्याचे खरे कर्तृत्व या जोडणीत आहे. ‘परम’ची आठवण निघाली की नुसत्या वेगाच्या आकड्याचेच कौतुक होते, आणि जोडणीच्या या श्रमांना त्यात जागा मिळत नाही, हा अन्याय आहे.

नेमक्या याच काळात डेस्कटॉपवाले वर्कस्टेशनच्या अंगणात शिरले. १९९५ च्या अखेरीस इंटेलने पेंटियम प्रो आणला. तो घरासाठी नव्हताच. एका बोर्डावर चार-चार बसवता यावेत अशी त्याची रचना होती. १९९८ मध्ये त्याच घराण्यातून झिऑन निघाला. आज्ञावली डेस्कटॉपचीच, पण हाताशी मोठी आणि वेगवान कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची तात्पुरती मेमरी, अधिक प्रोसेसरांची सोय आणि चुका दुरुस्त करणारी मेमरी.

या शेवटच्या गुणाकडे थोडे थांबून पाहायला हवे. मेमरीतला एखादा बिट अंतराळातून आलेल्या कणामुळे उलटू शकतो, शून्याचा एक होऊ शकतो. २००३ च्या बेल्जियमच्या निवडणुकीत स्खारबेक इथे एका उमेदवाराला नेमकी ४,०९६ मते जास्त पडली. ती शक्यच नव्हती, म्हणून चूक लक्षात आली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, एका बिटाची किंमत. असाच एखादा बिट उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. चुका दुरुस्त करणाऱ्या ईसीसी मेमरीत दर ६४ बिटांमागे आणखी ८ बिट पहाऱ्याला असतात. एक बिट बिघडला तर तो जागीच दुरुस्त होतो, दोन बिघडले तर निदान सूचना मिळते. घरच्या पीसीवर महिन्यातून एकदा एखादा प्रोग्राम बंद पडला तर माणूस पुन्हा सुरू करतो. हजारो प्रोसेसर तासन्‌तास पावसाचे गणित करत असताना एका चौकटीत खोटा आकडा शिरला, तर तो शेजारच्या चौकटींत पसरतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. त्या अंदाजावर कुणीतरी बियाणे मातीत टाकणार असते, आणि दुबार पेरणीचा खर्च लहान शेतकऱ्याचे वर्ष बुडवू शकतो.

नोव्हेंबर २००७ मध्ये झिऑनची ही ताकद पुण्यातच सिद्ध झाली. टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने ‘एका’ हा महासंगणक उभारला. ग्वाल्हेरला जन्मलेले आणि १९८४ च्या अल्गोरिदममुळे जगभर नावाजलेले गणिती नरेंद्र करमरकर हे या प्रयोगशाळेच्या आरंभीच्या काळात तिचे सूत्रधार होते. झिऑनचे चौदा हजारांवर कोर (चिपमधले स्वतंत्र गणन-विभाग) आणि जगातल्या सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीत चौथा क्रमांक, इतकी वरची जागा त्याआधी भारतातल्या कुठल्याही यंत्राला मिळालेली नव्हती.

२०१७ मध्ये इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीने तर या दोन घराण्यांचा उगमच एक केला. त्या वर्षीचे रायझन, थ्रेडरिपर आणि एपिक हे तिन्ही प्रोसेसर आठ कोरांच्या एकाच सिलिकॉनच्या तुकड्यातून बनलेले होते. डेस्कटॉपच्या रायझनमध्ये एक तुकडा, वर्कस्टेशनच्या थ्रेडरिपरमध्ये दोन, सर्व्हरच्या एपिकमध्ये चार. मग फरक उरला कुठे? नंतरचे दोन भाऊ शेजारी ठेवून पाहावेत. डेस्कटॉपचा रायझन ९ ७९५०एक्स १६ कोरांचा, त्याचा कमाल वेग ५.७ गिगाहर्ट्‌झ. वर्कस्टेशनचा थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स ९६ कोरांचा, कमाल वेग ५.१. एकट्या कोराची शर्यत लावली तर स्वस्त डेस्कटॉपच पुढे. पण पहिल्याला मेमरीकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत आणि दुसऱ्याला आठ. हवामानाच्या गणितात प्रोसेसर बऱ्याचदा मेमरीतून आकडे येण्याची वाट पाहत बसतो, म्हणून तिथे वाटांची संख्या वेगापेक्षा मोलाची ठरते. इंदूरच्या बाजारात पत्रिका छापणाऱ्याने, जमाखर्च ठेवणाऱ्याने किंवा खेळ खेळणाऱ्या मुलाने थ्रेडरिपरवर पैसे घालणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी. रात्रभर इमारतींची त्रिमिती चित्रे काढणाऱ्या वास्तुरचनाकाराला मात्र तो परवडतो.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ हा महासंगणक सुरू झाला. तो झिऑनवर चालणारा, ४ पेटाफ्लॉप (सेकंदाला चाळीस लाख अब्ज गणिते) क्षमतेचा. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथेच ‘अर्का’ आला. त्यात एएमडीचे एपिक आहेत आणि क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. मे २०२५ मध्ये याच संस्थेने घडवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ कामाला लागली आणि अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. प्रत्यूषवर दहा तासांपर्यंत चालणारी फेरी अर्कावर चार तासांत आटोपते, असे तेव्हा भू-विज्ञान मंत्रालयाकडून सांगण्यात आले. इंदूर ते देपालपुर हे चाळीसेक किलोमीटरचे अंतर एकेकाळी एका चौकटीत हरवत होते. आता त्यात सहा-सात चौकटी बसतात.

सी-डॅकने २०२३ मध्ये ‘ऑम’ या प्रोसेसरचा आराखडा जाहीर केला. आर्म कंपनीच्या निओव्हर्स व्ही१ घराण्यातले ९६ कोर, दोन तुकड्यांत विभागलेले, पाच नॅनोमीटरच्या तंत्राने तैवानमध्ये घडवायचे. कोरांची संख्या थ्रेडरिपर प्रोइतकीच आहे. वेगळेपण मेमरीत आहे. वेगवान एचबीएम मेमरी प्रोसेसरच्याच पाकिटात बसवायची, शिवाय बाहेर डीडीआर५ मेमरीच्या वाटा ठेवायच्या, अशी त्याची मांडणी आहे. महासंगणकासाठीच आखलेला हा प्रोसेसर आहे. सी-डॅकने तीस वर्षांहून अधिक काळ प्रोसेसर बाहेरून घेतले, आणि आकडे एका जागेवरून दुसऱ्या जागी कसे न्यायचे याचा विचार मात्र स्वतः केला. ऑमच्या आराखड्यातही सर्वाधिक मेहनत तिथेच घेतलेली दिसते.